निर्गुडीचा जेल विकण्याआधी त्यातला अर्क तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत कृषी प्रदर्शनांत, यात्रांत आणि बचत गटांच्या स्टॉलवर निर्गुडीच्या आणि हळदीच्या ‘सूज-वेदनाहारी’ जेलच्या डब्या आता सर्रास दिसतात. इकडे फार्मसी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या वनस्पतीचा जेल प्रकल्प म्हणून करतात, त्याचा पीएच (आम्लता) आणि घट्टपणा मोजतात आणि वही जमा करतात. या दोन्ही कामांत एकच उणीव राहते. जेल चांगला जमतो, पण त्यात घातलेला अर्क नेमका काय आहे आणि दर खेपेला तोच आहे का, हे कोणी पाहत नाही. हे पत्र त्यासाठी.

निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्यावर बांधणे, पाला उकळून त्या पाण्याने शेकणे हे आपल्याकडे घरोघरी चालत आले आहे आणि त्याला आमचा काही आक्षेप नाही. घरचा उपाय घरापुरता असतो. तोच पाला ट्यूबमध्ये भरून त्यावर किंमत छापली की प्रत्येक ट्यूबमध्ये सारखेच औषध असल्याचे वचन गिऱ्हाइकाला दिले जाते. ते वचन पाळायला काय लागते, ते क्रमाने सांगतो.

सुरुवात पाल्यापासून. औषधाची निर्गुडी म्हणजे व्हायटेक्स निगुंडो. पानाला बहुधा पाच पर्णिका, मधली सर्वांत लांब, खालची बाजू पांढुरकी, चुरगळल्यावर उग्र वास. तीनच पर्णिकांची तिची बहीण व्हायटेक्स ट्रायफोलियाही काही ठिकाणी लावलेली असते आणि निर्गुडीच्याच काही पानांना तीन पर्णिका असतात, त्यामुळे नुसत्या नजरेवर भिस्त ठेवू नये. फांदीचा वाळवलेला नमुना शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेतून एकदा ओळखून घ्यावा आणि त्याची नोंद जपून ठेवावी.

पाला कुठून तोडला याला आपल्या भागात फार महत्त्व आहे. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात निर्गुडी द्राक्षबागांच्या बांधाला कुंपण म्हणून उभी असते. बागेवर हंगामभर बोर्डो मिश्रण आणि बुरशीनाशके फवारली जातात आणि त्यांचा तुषार बांधावरच्या पाल्यावर बसतो. अर्क काढताना हे सगळे आटून आणखी दाट होते. उसातल्या तणनाशकाचे आणि महामार्गाकडेच्या धुळीचेही तसेच. म्हणून फवारणीपासून लांबचा, ओढ्याकाठचा किंवा मुद्दाम लावलेला पालाच घ्यावा. तरीही कीडनाशकांचे अवशेष आणि जड धातू तपासून घ्यावेच लागतात. आयुर्वेदिक कच्च्या मालासाठी मर्यादा अशा आहेत: शिसे १० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. गावाच्या ओढ्याकाठचा पाला विक्रीच्या मालासाठी तोडायचा असेल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीशी आधी बोलावे आणि जैवविविधता कायद्याचे काय लागू होते ते विचारून घ्यावे.

वाळवणे सावलीतच. उन्हात रंग उडतो आणि सुगंधी तेलही उडून जाते. तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातली बेदाण्याची शेड हंगाम संपल्यावर रिकामी असतात. जाळ्यांचे थर, खेळती हवा आणि सावली या तिन्ही गोष्टी तिथे आयत्या मिळतात. मात्र जाळ्या आधी साबणाने धुऊन घ्याव्यात, कारण त्यांवर द्राक्षे बुडवायच्या तेलाचे आणि गंधकाच्या धुरीचे अवशेष बसलेले असतात. पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडे सावलीत पाला वाळत नाही, बुरशी धरतो. तिथे ४० ते ४५ अंशांवर चालणारा ट्रे-ड्रायर हवा. पान बोटांत कुरकुरीत मोडले आणि ओलावा १० टक्क्यांच्या खाली आला की भरड दळून ४० नंबरच्या चाळणीतून गाळावे. वस्त्रगाळ करू नये. फार बारीक भुकटीचा द्रावकात, म्हणजे अर्क ज्यात उतरवायचा त्या द्रवात, चिखल होतो आणि गाळताना कापडाची छिद्रे बुजतात.

आता अर्क. बहुतेक स्टॉलवरच्या जेलमध्ये पाण्यात उकळलेला काढा असतो. काढ्यात साखर, चिकट द्रव्ये, प्रथिने आणि क्षार भरपूर उतरतात, तो लवकर आंबतो, आणि निर्गुडीतले कॅस्टिसिन नावाचे फ्लेव्होनॉइड, ज्याच्याकडे सूज कमी करणारा घटक म्हणून पाहिले जाते, ते पाण्यात नीट उतरतच नाही. नेगुंडोसाइड आणि अग्नुसाइड हे पाण्याकडे ओढ असलेले घटक आणि कॅस्टिसिन हे तेलाकडे ओढ असलेले; दोन्ही हवे असतील तर ७० टक्के इथाइल अल्कोहोल हा चांगला मध्यममार्ग आहे. ९५ टक्क्यांचे ७३७ मिली अल्कोहोल घेऊन शुद्ध पाण्याने १ लिटर केले की ७० टक्के होते.

१ किलो भुकटीला ६ लिटर द्रावक घालून झाकण लावून तीन दिवस ठेवावे, दिवसातून तीन-चार वेळा ढवळावे. गाळून उरलेल्या चोथ्याला ३ लिटर घालून एक दिवस आणि पुन्हा तसेच एकदा. तिन्ही गाळ एकत्र करून, हवेचा दाब कमी करून, ५० अंशांच्या आत अल्कोहोल उडवून परत गोळा करावे. उघड्या पातेल्यात गॅसवर आटवणे दोन कारणांनी वर्ज्य: अल्कोहोलची वाफ भडकते, आणि तळाशी अर्क करपून त्यातला नाजूक भाग जातो. वाळलेल्या पाल्याच्या साधारण १० ते १५ टक्के घट्ट अर्क हाती येतो.

द्रावकाबाबत एक इशारा ठळक छापावा अशी विनंती आहे. फर्निचरला लावायचे किंवा स्टोव्हचे स्पिरिट कोणीही वापरू नये. त्यात मिथेनॉल असू शकते, शिवाय प्यायला नको म्हणून कडू, दुर्गंधी द्रव्ये मिसळलेली असतात. शुद्ध इथाइल अल्कोहोल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावरच मिळते. परवाना मिळवणे कटकटीचे आहे हे खरे, पण त्याला दुसरा रस्ता नाही.

अल्कोहोल उडाले की अर्क हिरवागार, डांबरासारखा दिसतो. तो हिरवेपणा क्लोरोफिलचा; सुजेशी त्याचा संबंध लावता येत नाही. उलट कपड्याला डाग पडतात आणि प्रकाशात जेल तपकिरी होतो. अल्कोहोल गेल्यावर उरलेल्या पाणीदार अर्कात आणखी पाणी घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की क्लोरोफिल आणि मेणकट भाग तळाशी बसतो आणि वरचा भाग गाळून घेता येतो. बरेच जण इथेच चुकतात. त्या गाळाबरोबर कॅस्टिसिनही खाली बसते. म्हणून वरचा भाग आणि गाळ दोन्ही एचपीटीएलसीवर (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पट्टीच्या चाचणीत) शुद्ध नमुन्याशेजारी लावून पाहावेत आणि मगच काय टाकायचे ते ठरवावे. दिसायला स्वच्छ जेलसाठी औषध गटारात ओतण्यात अर्थ नाही.

या साऱ्यातून मुद्द्याची गोष्ट येते. लेबलावर ‘निर्गुडी अर्क ५ टक्के’ लिहिल्याने काहीच कळत नाही. पावसाळ्यातला पाला आणि चैत्रातला पाला, कोवळे पान आणि जून पान, ओढ्याकाठचे झुडूप आणि माळावरचे झुडूप, यांतल्या घटकांचे प्रमाण वेगवेगळे असते. दर खेपेच्या अर्कात नेगुंडोसाइड किंवा अग्नुसाइड किती आहे हे मोजावे आणि जेलमध्ये अर्क त्या मापाने कमी-जास्त घालावा. हे मोजमाप करणारे यंत्र बचत गटाकडे असणार नाही, पण कच्चा पाला त्यांच्याकडे आहे आणि यंत्रे महाविद्यालयांत आहेत.

जेलचा साचा त्या मानाने सरळ आहे. १०० ग्रॅमसाठी: कार्बोमर (पाण्यात फुगून जेल घट्ट करणारी भुकटी) १ ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल (विरघळवायला लागणारा दाट द्रव) १० ग्रॅम, अर्क ५ ग्रॅम, मिथाइल पॅराबेन ०.१८ ग्रॅम आणि प्रोपिल पॅराबेन ०.०२ ग्रॅम (हे दोन्ही परिरक्षक, म्हणजे जेल खराब होऊ न देणारे), डायसोडियम ईडीटीए (धातूंचे अंश बांधून ठेवणारे द्रव्य) ०.०५ ग्रॅम, पीएच जुळवायला सोडियम हायड्रॉक्साइडचे १० टक्क्यांचे द्रावण, आणि बाकी शुद्ध पाणी. कार्बोमर घेताना ९४० नंबरचा न घेता ९८० घ्यावा. ९४० बनवताना बेंझिन वापरतात, त्याचा अंश उरतो. ९८० तेवढाच घट्टपणा देतो आणि त्यात ती अडचण नाही. दुकानदार ‘दोन्ही एकच’ म्हणतील, तरी मागून ९८०च घ्यावा.

पाण्यात आधी ईडीटीए विरघळवावे. मग ढवळणी चालू ठेवून पाण्याच्या भोवऱ्यात कार्बोमर चिमटीचिमटीने भुरभुरावा. एकदम ओतला तर बाहेरून फुगलेल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळून मोडत नाहीत. रात्रभर भिजू द्यावा. दुसरीकडे प्रोपिलीन ग्लायकॉल ६० अंशांपर्यंत गरम करून त्यात पॅराबेन विरघळवावेत, कारण पाण्यात ते नीट विरघळत नाहीत आणि नंतर जेलमध्ये खडीसारखे लागतात. ते कोमट झाले की त्यात अर्क घोटून घ्यावा, मलमलच्या कापडातून गाळावा आणि भिजलेल्या कार्बोमरमध्ये मिसळावा. सर्वांत शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, पीएच मीटर लावून, अगदी हळू ढवळत. १ ग्रॅम कार्बोमरला असे द्रावण साधारण ४ ग्रॅम लागते. अर्क आंबट असल्याने थोडे वर-खाली होते. पीएच ६च्या आसपास थांबावे. जेल घट्ट झाल्यावर मिक्सर जोरात फिरवला तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि कार्बोमरची साखळीही तुटते.

बरेच जण सोडियम हायड्रॉक्साइडऐवजी ट्रायइथेनॉलअमाइन वापरतात. चालते, पण शुद्ध दर्जाचे हवे आणि ब्रोनोपॉलसारखे परिरक्षक सोबत असता कामा नये, कारण दोघांच्या संयोगातून नायट्रोसअमाइन ही घातक द्रव्ये तयार होऊ शकतात.

‘पहिल्या दिवशी घट्ट झाला आणि आठवड्यात पातळ झाला’ ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. कारण बहुधा क्षार. कार्बोमर घट्ट होतो तो त्याच्या साखळ्यांवरचे ऋणभार एकमेकांना ढकलतात म्हणून. पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आत शिरले की ते भार झाकले जातात आणि साखळ्या आखडतात. कृष्णाकाठच्या क्षारपड भागातल्या बोअरच्या पाण्यात हे क्षार भरपूर, आणि पाण्याच्या काढ्यातही. म्हणून डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेले) पाणीच वापरावे. अर्कात क्षार फारच असतील तर कार्बोमर वाढवत बसू नये. एचपीएमसी के-४-एम (सेल्युलोजपासून केलेली, जेल घट्ट करणारी भुकटी) ३ टक्के घेऊन जेल करावा. तो क्षारांना फारशी दाद देत नाही. मात्र त्याची भुकटी ८० अंशांच्या गरम पाण्यात पसरवून मग थंड पाणी घालावे लागते. दुसरी तक्रार रंग काळा पडण्याची. पीएच ७च्या वर गेला की पाल्यातली फिनॉल वर्गातली द्रव्ये हवेने काळवंडतात. ‘जरा जास्त घट्ट होईल’ म्हणून पीएच चढवण्याचा मोह इथे महागात पडतो.

सांगलीची हळद म्हणजे आपला अभिमान, २०१८ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे, त्यामुळे ‘त्यात थोडी हळदही घालू’ हा विचार लगेच येतो. पण करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. हळदपूड जेलमध्ये टाकली तर कण नुसते तरंगतात आणि कातडीत काही शिरत नाही, फक्त कपडे पिवळे होतात. शिवाय ते पीएच ७च्या वर लालसर होऊन झपाट्याने मोडते आणि उजेडातही टिकत नाही. हळदीचा जेल करायचा तर तो स्वतंत्र करावा: करक्युमिन आधी अल्कोहोल किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ४०० मध्ये विरघळवून, पीएच ५.५ च्या आसपास ठेवून, अपारदर्शक ट्यूबमध्ये.

आता ‘गुण येतो का?’ हा प्रश्न. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत अंड्यातले किंवा गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन तापवून ते किती गढूळ होते यावरून ‘दाहशामक गुण सिद्ध’ असे लिहिलेले असते. ही स्वस्त आणि सोपी प्राथमिक चाचणी आहे. फिनॉल असलेला जवळपास कुठलाही अर्क त्यात उत्तीर्ण होतो, चहासुद्धा. त्यावरून जेल सूज उतरवतो असा निष्कर्ष काढता येत नाही. आधी फ्रांझ डिफ्यूजन सेलमध्ये (पडद्यातून औषध किती पार जाते ते मोजायच्या काचेच्या उपकरणात), पातळ पडद्यातून आणि मग बकऱ्याच्या किंवा डुकराच्या कानाच्या कातडीतून, ठरलेला घटक तासागणिक किती बाहेर येतो ते मोजावे. तो बाहेरच येत नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. त्यानंतर उंदराच्या पंजाला कॅराजीनन नावाचे द्रव्य टोचून सूज आणून ती मोजण्याची चाचणी, आणि तीही प्राणी नैतिकता समितीच्या परवानगीनेच.

या चाचणीत चार गट हवेत: उपचार नाही, अर्काशिवायचा कोरा जेल, अर्काचा जेल आणि बाजारातला १ टक्का डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा जेल. कोरा जेल वगळला जातो आणि तिथेच फसगत होते. पाणी उडून येणारा गारवा आणि चोळण्याची मालिश यांनीच माणसाला बरे वाटते. त्यात मेंथॉल आणि विंटरग्रीनचे तेल घातले तर गारवा, उष्णता, वास सगळे येते आणि गिऱ्हाईक खूश होते, पण मग गुण निर्गुडीचा की मेंथॉलचा? घालायचे तर घाला, पण लेबलावर प्रमाणासह लिहा आणि तुलनेच्या कोऱ्या जेलमध्येही तेवढेच घाला. ‘पूर्ण हर्बल’ म्हणून विकायच्या जेलमध्ये गुपचूप डायक्लोफिनॅक मिसळणे हा तर सरळ गुन्हा आहे. ज्यांना त्या औषधाची ॲलर्जी आहे त्यांच्या जिवाशी तो खेळ आहे.

टिकाऊपणाचे थोडक्यात: ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून दर महिन्याला पीएच, घट्टपणा, रंग आणि ठरलेल्या घटकाचे प्रमाण पाहावे. कातडीवर लावायच्या औषधात १ ग्रॅममध्ये एकूण जिवाणू १०० च्या, बुरशी-यीस्ट १० च्या आसपासच चालतात, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्युडोमोनास हे दोन तर अजिबात नकोत. रुंद तोंडाच्या डबीत प्रत्येक जण बोट घालतो, म्हणून लॅमी ट्यूबच (थरांच्या पत्र्याची, पिळून वापरायची ट्यूब) वापरावी. उघड्या जखमेवर लावू नये आणि पहिल्यांदा वापरताना मनगटाच्या आत थोडा लावून एक दिवस वाट पाहावी, हे लेबलावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात असावे.

परवान्याबद्दल गैरसमज फार. ‘आयुर्वेदिक आहे, परवाना लागत नाही’ हे साफ चूक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० प्रमाणे असा जेल विक्रीसाठी बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा फॉर्म २५-डी मधला परवाना लागतो आणि जागा शेड्यूल टी (आयुर्वेदिक औषधे बनवायच्या जागेचे आणि स्वच्छतेचे नियम) प्रमाणे हवी. स्वतःची जागा नसेल तर परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर, म्हणजे २५-ई वर, बनवून घेता येतो. बचत गटांना हाच रस्ता परवडण्याजोगा आहे. कोणता पुरावा द्यायचा ते नियम १५८-बी मध्ये आहे. पाणी-अल्कोहोलच्या अर्काला आणि इतर द्रावकांच्या अर्काला त्यातल्या अटी सारख्या नाहीत, हे द्रावक निवडतानाच ध्यानात घ्यावे. सौंदर्यप्रसाधनाचा परवाना काढून डबीवर ‘सूज उतरवतो’ लिहिता येत नाही. ‘संधिवात मुळापासून बरा’ अशी जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यात बसते.

हिशेब करून पाहा. ३० ग्रॅमच्या १,००० ट्यूब म्हणजे ३० किलो जेल, त्यात दीड किलो अर्क, म्हणजे साधारण साडेबारा किलो वाळला पाला, ओला धरला तर ४५-५० किलो. एवढा पाला एका गावात मिळतो. ७० टक्क्यांचे अल्कोहोल लागते दीडशे लिटर आणि त्यातले बरेचसे परत मिळवता येते. पैसा आणि मेहनत लागते ती तपासणीला. म्हणून सांगली, कराड आणि सातारा इथल्या फार्मसी महाविद्यालयांना आमची विनंती आहे की पुढच्या वर्षी दहा विद्यार्थ्यांना दहा वेगवेगळे जेल करायला लावू नयेत. एकाच निर्गुडीवर काम वाटून द्यावे: एकाने वेगवेगळ्या महिन्यांच्या पाल्यातला नेगुंडोसाइड मोजावा, दुसऱ्याने क्लोरोफिल काढताना काय हरवते ते पाहावे, तिसऱ्याने कोऱ्या जेलशी तुलना करावी, चौथ्याने सहा महिन्यांची स्थिरता पाहावी. आणि जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेने बचत गटांना मिक्सर आणि ट्यूब भरायचे यंत्र देण्याआधी अर्काच्या तपासणीचा खर्च मंजूर करावा. तोवर गटांनी जेल थांबवून, ओळख पटलेला, अवशेष तपासलेला, सावलीत वाळवलेला निर्गुडीचा पाला तपासणी अहवालासह परवानाधारक उत्पादकांना विकावा. त्या मालाला आजही मागणी आहे आणि त्यात गिऱ्हाइकाला द्यायचे वचन आपल्याला पाळता येण्याजोगे आहे.

आपले,
औषधनिर्माणशास्त्राचे काही शिक्षक,
सांगली